टीम बोलते आहे, पण तुमच्यापाशी नाही

पत्र:

ताई, गेले १४ महिने मी एका टीमची लीड आहे. माझ्यासकट आम्ही ९ जण, त्यातले ३ घरून काम करतात. सगळे हुशार आहेत, कुणाचं कुणाशी भांडण नाही. पण मीटिंगमध्ये मी ‘कुणाला काही अडचण?’ असं विचारलं की शांतता पसरते. मीटिंग संपली की मात्र कॉरिडॉरमध्ये पंधरा मिनिटं कुजबुज चालते.

गेल्या महिन्यात एक मोठं काम वेळेत गेलं नाही. क्लायंटकडून येणाऱ्या फाइलचा फॉरमॅट बदलणार आहे, हे टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाला २ आठवडे आधी कळलं होतं. मला कळलं ते शेवटच्या दिवशी. मी मीटिंगमध्येच त्याला विचारलं, ‘हे आधी का नाही सांगितलंस?’ तो खाली बघत राहिला. नंतर समजलं की त्यानं शेजारच्या सहकाऱ्याला सांगितलं होतं आणि ‘आत्ता नको सांगूस, चिडतील’ असा सल्ला त्याला मिळाला होता.

मग मी सगळ्यांना एक दिवस बाहेर नेलं. खेळ झाले, फोटो निघाले, सगळे हसले. सोमवारी पुन्हा तेच. आता वरिष्ठ म्हणतात, दोन दिवसांचं टीम बिल्डिंगचं वर्कशॉप घेऊ. याच आठवड्यात त्यांना उत्तर द्यायचं आहे. घेऊ का? की मला माणसं जोडताच येत नाहीत?

– एक टीमलीड

उत्तर:

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्यासारखंच वाटलं, की ही अबोल टीम आहे. तिसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर थांबले: त्या मुलानं शेजारच्याला सांगितलं होतं. म्हणजे तो गप्प बसला नव्हता. त्याला काळजी वाटली, त्यानं विश्वासाचा माणूस शोधला, मन मोकळं केलं, सल्ला घेतला आणि तो पाळलाही. कॉरिडॉरमध्ये पंधरा मिनिटं बोलणारी माणसंही अबोल नव्हेत. तुमच्या टीममध्ये बोलणं आहे, जिव्हाळाही आहे. फक्त त्याची वाट तुम्हाला वळसा घालून जाते.

हे वाचून तुम्हाला लागेल, याची मला कल्पना आहे. तरी लिहिते, कारण यात एक दिलासाही आहे. माणसं जोडायचं काम तुम्हाला शून्यातून करायचं नाही. ती जोडलेली आहेतच. वाईट बातमी तुमच्यापर्यंत सुखरूप कशी पोहोचेल, एवढाच प्रश्न आहे. खेळ, सहल, वर्कशॉप यांतून तो सुटत नाही, कारण खेळात वाईट बातमी द्यायची वेळ कुणावर येत नाही. तिथं सगळे हसले ते खरंच हसले असतील. पण सोमवारी समोर पुन्हा तेच टेबल, तोच प्रश्न आणि त्या दिवशी खाली बघत राहिलेल्या मुलाची आठवण.

एमी एडमंडसन या हार्वर्डमध्ये संशोधन करतात. १९९० च्या दशकात, पीएचडी करत असताना, रुग्णालयातल्या टीम औषधं देताना किती चुका करतात याचा त्या अभ्यास करत होत्या. ज्या टीमचं आपसात चांगलं जमतं तिथं चुका कमी असणार, हा अंदाज कुणीही बांधला असता. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला. चुका सगळीकडेच होत होत्या, चांगल्या टीममध्ये त्या बोलून दाखवल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दाबल्या जात होत्या, म्हणून कागद स्वच्छ दिसत होता. पुढं १९९९ मध्ये त्यांनी याच विषयावर शोधनिबंध लिहिला आणि या गोष्टीला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटलं: इथं चूक कबूल केली, शंका काढली, ‘मला कळलं नाही’ म्हटलं तरी आपल्याला कुणी खाली पाडणार नाही, हा टीममधल्या सगळ्यांचा मिळून असलेला भरवसा. ‘मिळून’ हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. एकट्या त्या मुलाला भीती वाटली असती, तर शेजारी त्याला म्हणाला असता, ‘वेडा आहेस का, जाऊन सांग.’ शेजारी म्हणाला, ‘चिडतील.’ म्हणजे ही समजूत टीममध्ये त्या मुलाच्या आधीपासून रुजलेली होती.

ती कशी रुजली, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. तुम्ही खरोखरच चिडणाऱ्या असाल असंही मी म्हणत नाही. कदाचित तुमच्या आधीचे लीड चिडत असतील. कदाचित १४ महिन्यांत एकदाच, दमलेल्या एखाद्या संध्याकाळी, तुमचा आवाज चढला असेल. माणसं असा एक प्रसंग वर्षभर लक्षात ठेवतात, आणि चांगलं वागलेले शंभर दिवस त्यापुढं फिके पडतात. हे अन्यायाचं वाटतं खरं, पण पगार आणि बढती ज्याच्या शब्दावर अवलंबून असते त्याच्या कपाळावरची आठी सगळे बारकाईनं वाचतात. लीड झाल्यापासून तुमची आठी ही तुमची खाजगी गोष्ट उरलेली नाही.

म्हणून सुरुवात त्या मुलापासून करा. त्याला एकट्याला भेटा आणि सांगा, ‘त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर विचारलं, ते मी करायला नको होतं.’ एवढंच. त्याला ‘पण’ जोडू नका. ‘पण तूही सांगायला हवं होतंस’ हे वाक्य तोंडाशी येईल, ते गिळा. त्यानं सांगायला हवं होतं हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग विचारा, ‘त्या दोन आठवड्यांत तुझ्या मनात काय चाललं होतं?’ आणि ऐका. मध्ये खुलासा करू नका. तो पहिल्या भेटीत काही बोलणार नाही, ‘नाही मॅडम, माझीच चूक’ म्हणेल. ठीक आहे. तुम्ही सांगितलंत हे त्याच्या लक्षात राहील.

नंतर पुढच्या मीटिंगमध्ये हेच सगळ्यांसमोर म्हणा, दोन वाक्यांत. दुखावलं चारचौघांत गेलं आणि माफी मात्र बंद दाराआड मागितली, तर बाकीच्या ७ जणांच्या लेखी ती मागितलीच गेली नाही. त्याचं नाव घेऊन त्याला पुन्हा अवघडून टाकू नका. ‘गेल्या महिन्यात उशिरा आलेल्या बातमीवर मी ज्या पद्धतीनं विचारलं, त्यामुळं पुढची बातमी आणखी उशिरा येईल. ती पद्धत मी बदलते आहे.’ इतकं बोलून कामाला लागा.

आता ‘का’ या शब्दाबद्दल थोडं. ‘हे आधी का नाही सांगितलंस?’ हा दिसायला प्रश्न आहे, पण त्याला उत्तर नाही. कुठलंही उत्तर दिलं तरी ती सबब ठरते, म्हणून माणूस खाली बघतो. त्याऐवजी बातमी येईल तेव्हा पहिलं वाक्य ‘बरं झालं आत्ता सांगितलंस’ आणि दुसरं ‘आता आपल्या हातात काय काय आहे?’ अशी सवय लावून घ्या. हो, सवयच. वेळ येईल तेव्हा सुचणार नाही, कारण तेव्हा तुमच्याही छातीत धडधडत असेल. चुकीच्या मुळाशी जायचंच, पण आग विझल्यावर, दोन दिवसांनी, आणि ‘कुणामुळं’ऐवजी ‘कुठं अडकलं’ असं विचारत.

‘कुणाला काही अडचण?’ हा तुमचा दुसरा प्रश्नही बदला. मीटिंगच्या शेवटी, सगळे उठायच्या बेतात असताना विचारलेल्या या प्रश्नाला ‘नाही’ हेच अपेक्षित उत्तर असतं. शिवाय हात वर करणारा एकटा पडतो, अडचण त्याचीच ठरते. त्याऐवजी मीटिंगच्या मध्यावर म्हणा, ‘समजा, हे काम महिन्याभरानं फसलं. कशामुळं फसलं असेल? प्रत्येकानं दोन मिनिटांत एक कारण लिहा.’ मग क्रमानं प्रत्येकाचं वाचा, आणि तुमचं सगळ्यात शेवटी. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी ही रीत प्रचारात आणली. तिची गंमत अशी की शंका काढणं हीच इथं सगळ्यांना दिलेली कामगिरी असते, त्यामुळं शंका काढणारा विघ्नसंतोषी ठरत नाही. तो फॉरमॅटचा बदल अशा एखाद्या कागदावर नक्की आला असता.

तुमचं मत शेवटी, यावर मी हटून बसेन. लीडनं आधी मत दिलं की मीटिंग तिथंच संपते, उरलेला वेळ मान डोलावण्यात जातो. आणि लिहून घेण्यालाही कारण आहे. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवलं की गटात चर्चा होते ती बहुतेक सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींची. एकट्यादुकट्यालाच ठाऊक असलेली माहिती मागंच राहते, आणि नेमकी तीच मोलाची असली तरी राहते. तुमच्या टीममध्ये ती एकट्याची माहिती सगळ्यात नव्या मुलाकडं होती. बहुतेक टीममध्ये ती अशाच कुणाकडं तरी असते, कारण क्लायंटशी, फाइलशी, यंत्राशी रोजचा संबंध त्याचाच येतो.

एकदा सांगून भागत नाही, हेही ध्यानात असू द्या. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर, दाट धुक्यात, दोन जंबो जेट विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यातल्या एका विमानानं उड्डाणाची परवानगी नसतानाच धाव घेतली होती. त्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, की समोरचं विमान अजून धावपट्टीवरच असेल का. त्यानं ती बोलूनही दाखवली. कॅप्टन अतिशय ज्येष्ठ, जंबोच्या वैमानिकांना शिकवणारे. ते ठामपणे म्हणाले, झालंय बाजूला. इंजिनिअरनं पुन्हा विचारलं नाही. अशा अपघातांनंतर विमान क्षेत्रानं एक वेगळंच प्रशिक्षण सुरू केलं. त्यात हाताखालच्यांनी शंका पुन्हा, स्पष्ट शब्दांत कशी मांडायची हे शिकवतात, आणि वरच्यांनी ती कशी ऐकायची हेही. मला त्यातला दुसरा भाग जास्त अवघड वाटतो. तुमच्याकडं कुणी धीर करून हळूच काही बोललं आणि तुम्ही घाईत ‘ते बघितलंय मी’ म्हणालात, तर तो पुन्हा येणार नाही. त्याच्या हळू आवाजाला मोठं करणं हे तुमचं काम आहे: ‘थांब, हे नीट सांग. तुला नेमकं काय दिसतंय?’

इथं माझी एक गोष्ट सांगते. पूर्वी मीही एका कामाची प्रमुख होते. एका सहकाऱ्याला मी तीन आठवडे, दर सोमवारी विचारत असे, ‘होईल ना वेळेत?’ पहिल्या सोमवारी तो म्हणाला, ‘करतो.’ दुसऱ्या सोमवारी, ‘बघतो.’ तिसऱ्या सोमवारी, ‘बघू या.’ मी तिन्ही वेळा ‘हो’ असं ऐकलं आणि पुढच्या माणसाकडं वळले. काम झालं नाही. मी फार रागावले, आणि तो शांतपणे म्हणाला, ‘मी तर सांगत होतो.’ तो खरंच सांगत होता. ‘करतो’पासून ‘बघू या’पर्यंत तो एकेक पायरी उतरत होता आणि ते ऐकायला मी क्षणभरही थांबले नव्हते. आपल्या भाषेत तोंडावर ‘नाही’ म्हणायचं टाळून ‘नाही’ सांगण्याच्या कितीतरी रीती आहेत. ‘जमेल बहुतेक’, ‘प्रयत्न करतो’, ‘तसं काही नाही, पण…’ यातला ‘पण’ ऐकू आला की हातातलं काम ठेवून बसा. आणि टीमशी एक साधा करार करा: ‘करतो’ म्हणताना सोबत दोन गोष्टी सांगायच्या, कोणत्या वारापर्यंत आणि त्यासाठी कुणाकडून काय हवं आहे. दुसऱ्या गोष्टीतच बहुतेक अडचणी बाहेर येतात.

उलट्या बाजूनंही हेच लागू आहे. तुम्ही पत्रात लिहिलं नसलं तरी बहुतेक लीडच्या मनात असतं की ‘मी तर स्पष्ट सांगितलं होतं.’ १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. एकानं ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा, समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक. ग्रुपवर टाकलेल्या तुमच्या दोन ओळींच्या मेसेजचंही तसंच होत असणार, आणि त्याखाली उमटलेला अंगठा ‘वाचलं’ इतकंच सांगतो. महत्त्वाचं काम देताना समोरच्याला म्हणा, ‘तू हे कसं करणार आहेस ते मला एकदा सांग, म्हणजे मी काही सांगायचं विसरले असेन तर कळेल.’ परीक्षा घेतल्यासारखं वाटू नये म्हणून शेवटचा भाग तोंडभरून म्हणा, तो खराही आहे.

आता थोडं गणित. ९ माणसांत जोड्या होतात ३६. त्यातल्या ८ जोड्यांत तुम्ही आहात. उरलेल्या २८ जोड्यांत तुम्ही नाहीच. बहुतेक लीड आपल्या ८ धाग्यांवर सगळा जीव ओततात आणि तो कमी पडला की ‘मला माणसं जोडता येत नाहीत’ असं स्वतःला दोष देत बसतात. त्या २८ धाग्यांसाठी तुम्ही वेगळं काही करू शकता: दोघांना एकमेकांची गरज पडेल असं काम द्या. नुसतं वाटून दिलेलं नाही. एकाला जे येतं ते दुसऱ्याला येत नाही आणि दोन्ही जुळल्याशिवाय काम पुढं सरकत नाही, असं. दर वेळी जोडी बदला. घरून काम करणाऱ्या तिघांना मुद्दाम ऑफिसमधल्यांच्या जोडीला द्या. माणसं एकमेकांना ओळखू लागतात ती एकत्र अडकल्यावर आणि एकत्र सुटल्यावर. सहलीतल्या खेळांचाही हेतू तोच असतो, पण तिथली अडचण खोटी असते आणि ती सगळ्यांना ठाऊक असते.

त्या तिघांबद्दल आणखी एक. कॉरिडॉरमधली ती पंधरा मिनिटं त्यांच्या वाट्याला येतच नाहीत. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न पडद्यावरच्यांना विचारा, आणि टेबलापाशी उभ्याउभ्या काही ठरलं तर त्याच दिवशी ते ग्रुपवर लिहा. छोटी गोष्ट आहे, पण ती नसली की माणूस हळूहळू पाहुणा होतो.

आठ जणांना पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा तास, एकेकट्यानं भेटा. कामाचा आढावा तिथं घेऊ नका, त्यासाठी बाकी दिवस आहेत. ‘कशात वेळ फुकट जातोय? माझ्यामुळं काही अडतंय का?’ हे दोन प्रश्न पुरेत. जे ऐकाल त्यातली एखादी बारीकशी गोष्ट लगेच करा. जी होणार नाही ती का होणार नाही हे पुढच्या भेटीत सांगा. बोलून काहीच होत नाही हा अनुभव भीतीइतकाच माणसाला गप्प करतो, आणि अशा टीम मी भीतीनं गप्प झालेल्या टीमपेक्षा जास्त पाहिल्या आहेत. ही भेट शक्यतो रद्द करू नका. दुसऱ्यांदा रद्द झाली की ‘आपला नंबर शेवटचा’ हा निष्कर्ष समोरच्यानं काढलेला असतो.

एक शंका तुमच्या मनात येईल: मग चुकलं तरी कुणाला काही म्हणायचंच नाही का? म्हणायचं. कामाचा दर्जा ढिला करा असं मी कुठंही म्हटलेलं नाही. जो येऊन सांगतो त्याच्याशी मिळून मार्ग काढायचा. सांगायची वाट मोकळी असताना जो लपवतो, किंवा दुसऱ्याला ‘नको सांगूस’ म्हणतो, त्याला एकट्याला बसवून स्पष्ट बोलायचं. पण आधी वाट मोकळी झाली पाहिजे. तुमच्याकडं ती अजून झालेली नाही, म्हणून त्या शेजाऱ्याला आत्ता जाब विचारू नका. त्यानं नव्या मुलाला आपल्या समजुतीप्रमाणं जपलं होतं.

तुमची खरी परीक्षा अजून व्हायची आहे. काही आठवड्यांनी कुणीतरी खरोखर वाईट बातमी घेऊन येईल, बहुधा वरिष्ठ तुमच्या मागं लागलेले असतील त्याच दिवशी. त्या दिवशी वर सांगताना नाव न घेता ‘आमच्याकडून राहिलं’ म्हणालात की ते टीमपर्यंत पोहोचेल. अशा गोष्टी पोहोचतातच. आणि नाव घेतलंत तर तेही तितक्याच वेगानं पोहोचेल.

राहिला वर्कशॉपचा प्रश्न. वरिष्ठांना सांगा, तीन महिने पुढं ढकलू. त्या दोन दिवसांच्या वेळातला काही भाग पंधरवड्याच्या भेटींसाठी मागून घ्या. वर्कशॉप वाईट असतं असं नाही, पण आत्ता घेतलंत तर टीमला तो बातमी उशिरा आल्याचा दंड वाटेल. तीन महिन्यांनी टीमलाच विचारा, हवंय का आणि कशासाठी. तेव्हा मीटिंगमध्ये कुणी तुमच्या तोंडावर म्हणालं, ‘मॅडम, त्यापेक्षा ते दोन दिवस आम्हाला फाइलींचा गोंधळ निस्तरायला द्या,’ तर मला जरूर कळवा.